ळ

चौदा नंबरचा रेक काल शेवटचा धुतला.
नळ बंद करताना हात जरा थांबला, एवढंच.
त्याचं स्वतःचं असं काय उरलं होतं?
पंखे दुसऱ्या रेकचे उसने,
मोटारी तीनदा गुंडाळलेल्या,
तिसऱ्या डब्याचं दार
कामशेतच्या दूधवाल्यांनी किटल्या टेकवून टेकवून
असं वाकवलं की लागायचंच नाही.
रजिस्टरला मीच लिहायचो: दार ठीक.

नवी गाडी बोटीतून आली, मग ट्रेलरवर,
प्लास्टिकात गुंडाळलेली.
मुंढव्याच्या वळणावर रात्रभर अडकली
तेव्हा एकाने तिच्या आडोशाला चहाची गाडी लावली.

तिच्याबरोबर चेक देशाची एक इंजिनियर आली.
नाव लेंका.
पोरं मागून म्हणायची, ए लेका!
ती वळून हसायची.
तिला वाटायचं, उच्चार जमला यांना.

ट्रायलच्या आधी पाट्या तपासल्या.
दिवे पळू लागले:
तलेगाव. मलवली. लोणावला.
मी म्हटलं, बाई, ळ कुठाय?
तिने अक्षरांचा तक्ता उघडला.
कुणीतरी हिंदीचा भरून दिलेला.
छोटा फरक आहे, ती म्हणाली.

छोटा?
मोडक्या इंग्रजीत मांडून दाखवलं तिला:
ळ गेला की काळाचा काल होतो,
वेळेची वेल,
माझी रात्रपाळी म्हणजे रात्रीच्या पाली,
आणि रूळ तर रूळच राहत नाही,
मग गाडी चालवणार कशावर?
आधीचं काही तिला कळलं नाही.
शेवटचं कळलं.

माझ्या ट्रेनिंगच्या दाखल्यावरही आलं होतं: खलदकर.
आम्ही सासवडकडच्या खळदचे.
गाव आजोबांनीच सोडलं, घोरपडीत तिसरी पिढी,
नावापुरतं तेवढं ते उरलेलं.
खल म्हणजे काय, ते तिला सांगितलं नाही.

चौदा नंबरच्या कपाळावर पत्र्याची पाटी होती,
रज्जाक पेंटरच्या हातची.
ळ तो एका दमात काढायचा, ब्रश न उचलता,
दोन पोटं शेजारी शेजारी,
जेवून सुस्तावलेल्या साडूंसारखी.
भंगाराच्या यादीत पाटीचा उल्लेख नव्हता.
मी स्क्रू काढले, तिच्या टेबलावर नेऊन ठेवली.
चार तास ती चौकटीत ठिपके भरत बसली.
मध्येच मी डबा उघडला, तिला ठेचा दिला,
डोळ्यांतून पाणी आलं, एक ठिपका सरकला.
म्हणून उजवं पोट जरा मोठं आहे.
बघा कधी नीट.

बदल्यात तिने तिच्याकडचं एक अक्षर दिलं.
र आणि झ एकाच श्वासात.
त्यांच्या पोरांनाही म्हणे उशिरा जमतं.
नदीला जो शब्द आहे,
त्याच्या तोंडाशीच ते बसलेलं.
दुखऱ्या दाढेवर जीभ फिरवावी
तसा मी आठवडाभर म्हणत होतो.

ट्रायल पहाटे साडेतीनला.
दापोडीच्या पुलावर ब्रेक लावून बघितले.
इतकं शांत की वाटलं बंद पडली.
चौदा नंबर इथं असा खडखडायचा
की बायका बोलणं तोडायच्या
आणि पूल सरला की त्याच शब्दापासून पुढे.
हिच्यात कुणालाच थांबावं लागणार नाही.
खाली पाणी काळं.
हिचं नाव काय, तिने विचारलं.
मुळा.
मुला, ती म्हणाली.
मला. अठ्ठावन्नाव्या वर्षी.
जीभ मागे वळव, म्हटलं, टाळूला लाव, सोड.
मुला. मुल्ला. मुळ्
तेवढ्यात ब्रेकचा आकडा आला, गाडी निघाली.

आता पाटी बरोबर दाखवते.
आवाज मात्र तिकडूनच भरून आलेला,
त्याचं टेंडर वेगळं, वर्ष तरी जाईल.
पुढील स्टेशन तलेगाव, म्हणतो तो रोज,
सभ्य, निर्मळ, धूळ न लागलेला.
परवा दप्तरावर बसून गणितं सोडवणारी एक पोरगी
मान वर न करता म्हणाली,
ळ.